भर दुपारी लग्नं लावणारे भाऊजी

भाऊजी,

आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी काल येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, विनायकरावांवर अंकासाठी दोन पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, व्यवसाय, सगळं क्रमानं येऊ द्या." मी म्हटलं, अहो, आमच्या भाऊजींचं आयुष्यात काही क्रमानं झालं असतं तर आणखी काय हवं होतं! त्यांनी आधी कार्यालय उघडलं आणि मग या गावात दिवसा लग्न करतं कोण याची चौकशी केली. सेक्रेटरी बिचारे चहा पिऊन गेले. आता मी मला हवं तसं लिहिणार, आणि मंडळाला नाही, तुम्हालाच लिहिणार. छापायचं तर छापा म्हणावं.

परवा तुमच्या चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं. रडण्याचं म्हणाल तर रडून घेतलंय मी. अकोल्याला जाताना गाडीत रडले, तुमच्या खोलीतलं दाढीचं सामान पाहून रडले, तिथल्या नळाला लावलेली चिंधी पाहूनसुद्धा रडले, कारण गळका नळ तुम्ही जन्मात कधी नीट दुरुस्त केला नाहीत, इंजिनियर असून. येताना मात्र इटारसीच्या पुढे कधीतरी तुमची एक गोष्ट आठवली आणि खुदकन हसू आलं. समोरच्या बाई चमकून बघायला लागल्या. तेव्हापासून हे असंच चाललंय.

मी लग्न होऊन झाशीला आले तेव्हा तुम्ही आठवीत होतात. हाफ चड्डी, दोन्ही गुडघे फुटलेले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दीर लहान असला तरी भाऊजीच म्हणायचं, अहो-जाहो करायचं." झालं! तुम्ही आपल्या नगरा मोहल्ल्यातली सगळी पोरं गोळा करून आणायचात आणि दारातून ओरडायचात, "वहिनी, मी कुठंय?" मी आतून म्हणायचे, "भाऊजी, तुम्ही दारात आहात." पोरं चाट पडायची. "अबे विनू, तेरी भाभी तुझे आप बोलती है!" तेवढ्या भांडवलावर तुम्ही गल्लीचे पुढारी झालात. पुढे सासू-सासरे लागोपाठ गेले आणि तुम्ही आमच्या दोघांच्या वाट्याला आलात. तुमच्या दादांची रेल्वेतली ड्यूटी, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, म्हणजे मुख्यतः माझ्याच वाट्याला.

कारखान्यात पक्की नोकरी लागली तेव्हा यांनी अख्ख्या नगऱ्यात पेढे वाटले. लग्नाचं मात्र तुम्ही मनावर घेतलं नाहीत ते नाहीच. आणि बिनलग्नाच्या माणसाला खूळ कसलं लागावं, तर लोकांची लग्नं लावायचं!

ते खूळ कुठून आलं मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या साहेबांच्या मुलाचं लग्न होतं, ऐन जानेवारीत. झाशीची ती थंडी, आणि धुकं असं की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. संध्याकाळी गेलात ते सकाळी उगवलात. नाक लाल, घसा बसलेला, बूट दवानं ओले. मी आल्याचा चहा पुढे केला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, फेरे सुरू झाले तेव्हा नवरदेव झोपला होता हो! मामानं चिमटा काढून उठवला. पाहुणे तर हार घातल्या घातल्या जेवून पसार. लग्नाला साक्षी कोण, तर भटजी आणि मी." मग पोह्यांची बशी हातात धरून जाहीर केलंत, "या शहराला एकदा दुपारचं लग्न दाखवायला पाहिजे. बाराचा मुहूर्त, एक वाजता पंगत, चार वाजता माणूस आपल्या घरी चहा पीत बसलेला."

यांनी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं. "आणि हे दाखवणार कोण?"

"मी," तुम्ही म्हणालात, आणि वर पोहे मागितलेत.

नोकरी सोडलीत. बबीन्याच्या रस्त्यावर एक बंद पडलेली तेलघाणी भाड्यानं घेतलीत, भिंतींना चुना लावलात, पंगतीसाठी सुताराकडून पाट करून घेतलेत आणि दारावर हा एवढा मोठा फलक चढवलात, 'सुमुहूर्त मंगल कार्यालय'. मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजी, इकडे कार्यालय म्हणजे ऑफिस. तुम्ही म्हणालात, "लोक शिकतील, वहिनी." शिकले की! पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ फाईल घेऊन आले आणि विचारायला लागले, "मंगल वाले साहब कब बैठते हैं?" तुम्ही त्यांना बसवून मसालेभात खाऊ घातलात. पुढे कितीतरी दिवस तो माणूस बरोबर जेवणाच्या वेळी फाईल घेऊन हजर व्हायचा.

खरी गिऱ्हाइकं यायची ती हात जोडत, आणि जायची तीही हात जोडतच. ते कापडवाले लालाजी आठवतात ना? सगळं फिरून पाहिलं, भात चाखला, दोनदा घेतला. मग म्हणाले, "भैया जी, जगह बढ़िया, खाना बढ़िया. पर दिन में बारात? तो लाइटें किसे दिखाएँगे?"

तुम्ही म्हणालात, "सूरज है न, लालाजी. फोकट का."

"सूरज तो पड़ोसी के यहाँ भी निकलता है," लालाजी म्हणाले.

 खरं सांगायचं तर मला लालाजींचं पटलं. लेकीच्या लग्नात शेजाऱ्यापेक्षा जास्त उजेड पडावा असं कुठल्या बापाला वाटत नाही?

तरी पाच-सहा लग्नं लागलीच. बबीन्याच्या एका फौजी मुलाचं लागलं, त्याला संध्याकाळच्या गाडीनं ड्यूटीवर हजर व्हायचं होतं म्हणून. तो एकटाच झाशीकर असेल ज्यानं स्वतःहून विचारलं, "और जल्दी नहीं हो सकता?" आणि ते समथरचं वऱ्हाड! नवरीचे आजोबा काठी टेकत आत आले, मांडलेले पाट बघून थबकले आणि मग काठी भिंतीला टेकवून झोकात मांडी घालून बसले. जिलबी तुमच्याकडे, भात माझ्याकडे. आग्रह करकरून आपण त्यांना इतकं वाढलं की शेवटी त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. जेवण झालं तरी म्हातारबाबा उठेनात. म्हणाले, "अब तो सब ठाड़े-ठाड़े खबाउत, ढोरन घाईं. आज कोऊ ने बैठा कें खबाओ." हल्ली सगळे गुरांसारखं उभ्या उभ्या खाऊ घालतात, आज कुणीतरी बसवून जेवू घातलं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, भाऊजी. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते शीळ घालत.

आणि तुमच्या दादांचं काय सांगू! तोंडानं "धंदा नव्हे, नसता उपद्व्याप" म्हणायचे आणि ड्यूटीवरून परस्पर कार्यालयात येऊन, बाह्या सरसावून मठ्ठ्याची बादली उचलायचे. पंगतीतून तुम्ही दोघं समोरासमोर यायचात, एकाच्या हातात मठ्ठा, दुसऱ्याच्या हातात जिलबी, आणि एक अक्षर न बोलता एकमेकांना वाट करून देऊन पुढे सरकायचात. मी भाताचं ताट हातात घेऊन ते बघत राहायचे. माझ्या संसारात त्याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही.

पण पाच-सहा लग्नांवर कार्यालय चालत नाही. इकडे लग्नाच्या मोसमाला सहालग म्हणतात, तशा दोन-तीन सहालगी कोरड्या गेल्या आणि तेलघाणीच्या मालकानं जागा परत मागितली. सामान हलवायचा दिवस. भर उन्हात टेम्पो उभा, रस्त्यावरचे रिकामटेकडे गोळा झालेले. तुम्ही पातेलं चढवता चढवता म्हणालात, "दादा, पुढच्या वर्षी दुसरी जागा बघू. शिवपुरीच्या रस्त्याला एक आहे." हे पाटांची चळत छातीशी धरून उभे होते. भडकलेच. "पुरे झालं! नोकरी घालवलीस, आमची झोप घालवलीस. आता जा कुठं जायचं तिथं!"

आता हे वाक्य आपल्या घरात दर आठवड्याला कुणी ना कुणी कुणाला म्हणतंच. आमच्या मुग्धाला तर हे रोज शाळेला उशीर करते म्हणून ऐकवायचे, आणि ती शांतपणे पराठा खात बसायची. तुम्ही मात्र त्या दिवशी ते मनावर घेतलंत.

रेल्वेच्या घरात रुसणं फार सोपं. स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि गाड्या चारी दिशांना. आम्हाला वाटलं किल्ल्याकडे चक्कर मारायला गेलात. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा अकोल्याहून फोन, "ताई, तुझे दीर आलेत. अंघोळ करून जेवायला बसलेत. काही भांडण झालं का?" सून रुसून माहेरी जाते हे सगळ्या जगाला माहीत आहे. दीर रुसून वहिनीच्या माहेरी गेला हे आमच्याच घरात! मी फोन ठेवून इतकी हसले की मुग्धा घाबरली. "आई, क्या हुआ? काका ठीक हैं ना?"

आठवड्याभरात परत याल असं वाटलं होतं. पण माझ्या भावानं तुम्हाला ओळखीच्या एका मंगल कार्यालयात व्यवस्थापक म्हणून चिकटवून दिलं. तिथं सगळी लग्नं दुपारची. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. आता हा माणूस सुखी.

इकडे तुमची भांडी घरात येऊन पडली. एकेक पातेलं असं की मुग्धा आत बसून अभ्यास करेल. पहिले काही दिवस हे त्यांच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत, कडेकडेनं चालायचे. मग शेजारच्या मिश्राजींकडे भंडारा निघाला, ते पातेलं मागायला आले. मग जागरण, मग बारसं, मग अख्खा नगरा. "भाभीजी, वो विनू भैया वाला भगोना दे दीजिए." कार्यालय बुडालं, पण तुमच्या नावाचं काम कधी बंद पडलं नाही. खवचट लोकही होतेच. यांना स्टेशनवर गाठून विचारायचे, "छोटे भैया का वो दिन वाला काम कैसा चल रहा है?" हे मान ताठ करून सांगायचे, "अकोला में मैनेजर हैं. वहाँ दिन में ही ब्याह होता है. समझदार लोग हैं."

असं जगाला सांगायचे. तुम्हाला मात्र नाही.

ते फोन, बाई गं! रविवारी सकाळी मी स्पीकर लावून मधे बसायचे. "सांग त्याला, इकडे थंडी पडलीय." तिकडून तुम्ही, "दादाला म्हणावं, मफलर बांध." "सांग त्याला, मला शिकवू नकोस." दोघांना दोघांचं स्वच्छ ऐकू येतंय आणि मी आपली तेच तेच परत म्हणतेय, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजातल्या बाईसारखी. मुग्धा म्हणायची, "आई, तू बिल लाव दोघांना."

मी कितीदा म्हटलं, "भाऊजी, या हो परत. तुमचे दादा वाट पाहतात."

"दादा म्हणाला असं?"

"म्हणाले."

"काय शब्दांत?"

इथं माझी पंचाईत. मी म्हणायचे, "म्हणाले की विनूवाचून घर खायला उठतं." तुम्ही खो-खो हसायचात. "वहिनी, दादा असं मेला तरी बोलणार नाही. हे तुमच्या पदरचं. त्यानं स्वतःच्या तोंडानं नुसतं ये म्हणू दे, पुढच्या गाडीनं येतो."

मग मी फोन यांच्यापुढे धरायचे. हे लगेच चष्मा पुसायला घ्यायचे. "सांग त्याला, घर त्याचंच आहे. बोलावणं कशाला हवं?" आणि तुम्ही तिकडून, "दादाला सांगा, जा म्हणणारानंच ये म्हणायचं असतं." या एका शब्दावर तुम्ही दोघा शहाण्यांनी एक तप घालवलंत. मला त्याचा राग आहे, भाऊजी. तुम्ही गेलात म्हणून तो गेलेला नाही. किती दिवाळ्या, किती आंब्याचे दिवस, मुग्धाची पहिली नोकरी, यांची निवृत्ती. प्रत्येक वेळी मी तुमच्यासाठी चिवडा डब्यात भरून माहेरी न्यायचे, तुम्ही माझ्या भावाकडे येऊन माझ्यासमोर बसून तो संपवायचात, झाशीतल्या प्रत्येक माणसाची खबर घ्यायचात, आणि मी म्हटलं, "मला तुमचं कार्यालय तरी दाखवा," की म्हणायचात, "सीझन आहे, वहिनी, फार गर्दी आहे." मे महिन्यातही सीझन, गणपतीतही सीझन. तुम्ही का टाळता ते मला कधी कळलं नाही.

आता कळलं. त्या दिवशी शेवटची पंगत उठवून, आचाऱ्यांना जेवायला बसवून, तुम्ही खुर्चीत टेकलात ते उठलाच नाहीत. आम्ही पोहोचलो, सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी तुमचं कार्यालय पहिल्यांदा पाहिलं. तिथले मोठे आचारी डोळे पुसत आले. म्हणाले, "बाई, झाशीचे साहेब गेले. आता रात्रीच्या लग्नाचं कोण सांगणार आम्हाला?"

मी म्हटलं, "रात्रीच्या?"

"हो ना! मुलीचा बाप हॉल बघायला आला की साहेब त्याच्या मागेच लागत. म्हणत, 'रात्रीचं करा हो एकदा! घोडी, बँड, डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, शेकोट्या, फेरे होईस्तोवर पहाट! लग्न म्हणजे झाशीचं लग्न. तुमच्याकडे काय, जेवले अन् घरी गेले.' एका पार्टीला पटवलंपण होतं त्यांनी. पाहुणे कंटाळून निघून गेले, वरात आली तेव्हा हॉलमध्ये आम्ही आचारीच होतो. मालकानं साहेबांना हात जोडले."

भाऊजी! झाशीत बसून अकोला शिकवलंत आणि अकोल्यात बसून झाशी? आणि हे मला कळू नये म्हणून सीझनची थाप? मी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. वळून बघते तर हे खांबाला टेकून उभे आणि खांदे गदागदा हलताहेत. मला वाटलं, रडताहेत. हसत होते. तुम्ही गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा हसत होते, आणि हसता हसता खाली बसले आणि मग खरंच रडले. म्हणाले, "अगं, त्याला घरी यायचं होतं."

"मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?" मी म्हटलं.

परवाचं जेवण आम्ही घरासमोरच्या गल्लीतच केलं, भर दुपारी. तुमचे पाट, तुमची पातेली, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. इकडच्या लोकांना तेरहवीची सवय, चौदावा कशाला हे त्यांना कळेना, पण अख्खा नगरा आला आणि गुपचूप मांडी घालून बसला. कापडवाले लालाजीसुद्धा आले, मुलाच्या आधारानं खाली बसले.

पंगत सुरू व्हायच्या आधी गेलेल्या माणसाचं पान वाढून बाहेर ठेवायचं आणि घरातल्या कुणीतरी त्याला जेवायला बोलवायचं, ही आपल्या घरची रीत. तुमचं पान यांनी स्वतः वाढलं. जिलबी दोनदा वाढली. ते घेऊन कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी गेले, पान ठेवलं, आणि नुसते उभे राहिले. सगळी पंगत थांबलेली. मी जवळ गेले. हे खालच्या आवाजात म्हणाले, "सांग त्याला."

"काय सांगू?"

"हेच. पान वाढलंय म्हणावं."

सवयीनं मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. म्हटलं, "मी नाही सांगायची. माझ्या सांगण्यावर ते कधी आलेत का? तुमचा भाऊ आहे, तुम्ही बोलवा."

मिश्राजी पाटावरून म्हणाले, "क्या हुआ, भाभीजी?" मुग्धा यांच्यामागे येऊन उभी राहिली. "बाबा, बोलो ना," ती म्हणाली. यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग गाडी सुटताना फलाटावरून ओरडावं तसा, गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"विन्या! ये रे घरी! तुझ्यावाचून जेवण जात नाही रे, ये आता!"

कावळा आला की नाही, मी पाहिलं नाही. मी यांच्याकडेच बघत होते. हे माझ्या पदरचं नाही, भाऊजी. अख्ख्या नगऱ्यानं ऐकलंय.